वातीचा हिशेब

उर्दू शायरीत शमा आणि परवाना यांच्याइतकी झिजलेली जोडी दुसरी नसेल. वर्गात गझल शिकवताना शमा म्हणजे मेणबत्ती, परवाना म्हणजे पतंग, एवढे सांगून पुढे जायचे. परीक्षेत तेवढेच विचारतात. खरे तर अरबीत 'शमअ' म्हणजे मुळात मेण. मेणावरून मेणबत्तीला ते नाव मिळाले. पुढे फारसी-उर्दूत शमा आली ती सजूनधजून, शमादानात बसून, फानूसच्या काचेआड लपून. शायरांनी तिचे वितळणे लिहिले, अश्रू लिहिले, पहाटे विझणे लिहिले. वातीबद्दल मात्र कोणी फारसे बोलले नाही. पूर्वी गुलगीर नावाची एक कात्री असायची, वातीचे जळके टोक म्हणजे गुल कापायची. तो शब्द आता कोशातच उरला. 'बत्ती गुल' एवढे आपण मराठीत रोज म्हणतो, आणि आम्ही कोकणातले लोक जरा जास्तच म्हणतो.

आम्ही म्हणजे दोघी जावा आणि शेजारच्या खाला. आमच्यापैकी एक शाळेत शिकवते, दुसरी घर बघते, आणि खालांनी उभे आयुष्य शिलाई मशीनवर काढले. पुढे जे लिहिले आहे ते तिघींनी मिळून केलेले आहे, म्हणून 'मी' लिहायला हात धजत नाही. मेणबत्त्या करणे हा काही आमचा खानदानी धंदा नव्हे. त्याकडे आम्ही वळलो ते वासामुळे.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळुणात शिरले. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण घरातल्या मोठ्यांनी भिंतीवर करून ठेवली होती. या वेळी पाणी त्या खुणेच्याही वर गेले. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, आम्ही नव्याने काय लिहावे? पाणी ओसरले, चिखल उपसला, भिंती धुतल्या. वास मात्र गेला नाही. ज्यांनी पूर पाहिला त्यांना हा वास सांगावा लागणार नाही. कुजलेले धान्य, डिझेल, ओले कापड आणि नदीचा गाळ असा तो सगळा एकत्र असतो आणि भिंतीच्या पोटात जाऊन बसतो. ऊन पडले की दबतो, ढग आले की पुन्हा बाहेर येतो. चुना मारून झाला, फिनेल झाले. आमच्या अम्मींनी नेहमीप्रमाणे जुम्मेरातीला उद-लोबान घातला. तो जळता निखारा घेऊन त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या, वास थोडा हटलाही. पण भिंतीपलीकडून खालांचा खोकला सुरू झाला. खालांना दमा आहे. लोबानाच्या धुराने त्यांची रात्र बसून गेली. अगरबत्तीनेही तेच. म्हणजे सुगंध हवा आणि धूर नको, असा तो पेच होता.

दुसरा पेच पोटाचा होता. खालांची मशीन गाळात रुतली होती. धुऊन, तेल घालून ती कशीबशी चालू झाली, पण गिऱ्हाईकांची टाकायला आणलेली कापडे वाहून गेली होती, त्यांची भरपाई द्यायची होती, आणि त्या वर्षी नवे कपडे शिवून घेण्याइतका पैसा मोहल्ल्यात कोणाच्या हातात उरला होता? मशीन झाकून ठेवलेली आणि खाला नुसत्या बसलेल्या, हे दृश्य आम्हांला बघवेना. मदतीच्या पिशव्यांतून आलेल्या मेणबत्त्या घरोघर उरल्या होत्या. धाकटीने त्या वितळवून त्यात घरातले सुगंधी तेल घालून बघू, असे सुचवले. तिथून सुरुवात झाली.

मदतीच्या त्या मेणबत्त्या पॅराफिनच्या होत्या. बाजारात मिळते ते स्वस्त मेण बहुधा हेच. खनिज तेल शुद्ध करताना जो मेणट भाग निघतो त्यातले तेल काढून टाकले की हे पांढरे, जवळजवळ बिनवासाचे मेण उरते. आसामात दिग्बोईचा कारखाना १९०१ सालचा, तिथे तेलाबरोबर मेणही निघत आले आहे. नुमालीगडला २०१५ साली मेणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. दुकानात त्याच्या पांढऱ्या लाद्या मिळतात आणि त्यांवर वितळण्याचा आकडा असतो, ५८-६० अंश वगैरे. हा आकडा विचारल्याशिवाय मेण घेऊ नये. कमी आकड्याचे मेण पेल्यात चालते. उभ्या मेणबत्तीला ते नको. ५८ अंशांचे मेण ५७ अंशांपर्यंत दगडासारखे राहते, असे मुळीच नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली सडपातळ मेणबत्ती दुपारी नमाजी माणसासारखी रुकूत जाते. ती वितळत नाही, नुसती वाकते.

पॅराफिनची आणखी एक खोड म्हणजे थंड होताना ते आकसते. वरून सपाट दिसते, पण वातीभोवती आत पोकळी राहते. ज्योत तिथवर पोहोचली की एकदम खाली बसते. म्हणून थोडे मेण राखून ठेवायचे, पहिले अर्धवट थिजले की वातीशेजारी काडीने भोके पाडायची आणि उरलेले ओतायचे. खाला याला 'टाका घालणे' म्हणतात.

मेण कडक करायला त्यात स्टिअरिक आम्ल घालतात, साधारण दहावा हिस्सा. साच्यातून मेणबत्ती सुटते चांगली आणि रंगही दुधाळ येतो. याच पदार्थावरून आमच्या घरात पहिला वाद झाला. अम्मींनी विचारले, "हे कशाचं करतात?" आता याचे उत्तर सोपे नाही. स्टिअरिक आम्ल चरबीतून निघते, ती पाम तेलाची असू शकते आणि जनावराचीही. फ्रान्समध्ये शेव्हरल या रसायनज्ञाने चरबीची फोड करून दाखवली आणि १८२५ साली गे-ल्युसॅकबरोबर असल्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले, तेव्हा कच्चा माल जनावराची चरबीच होती. त्याआधी युरोपातल्या गरिबांच्या घरात चरबीच्याच मेणबत्त्या जळत, घाण वास येणाऱ्या. मधमाशीचे मेण चर्चला आणि श्रीमंतांना.

"जाळायचंच तर आहे, खायचं थोडंच आहे?" धाकटी म्हणाली.

"फातेहाच्या खोलीत लागणार ती. कोणत्या जनावराची चरबी ते मला कळायला नको?" अम्मी म्हणाल्या.

दुकानदाराला विचारले तर तो हसला. आजवर त्याला असे कोणी विचारले नव्हते. पुढे ज्या पिशवीवर पामपासून केल्याचे छापले आहे तीच आणायची असे ठरले. पेल्यातल्या मेणबत्तीला तर हे आम्ल लागतच नाही, तिला कोणत्याही साच्यातून सुटायचे नसते. आम्ही पेल्याकडे वळलो त्याचे हे एक कारण. आणि काचेतला दिवा म्हटल्यावर सूरह नूर आठवणार नाही असा मुसलमान कोण? ताक, ताकात दिवा, दिवा काचेत, आणि काच जणू चमकता तारा. तिथे जैतुनाचे तेल आहे. आमच्या कोकणात ते नाही, पण तेलाची आणि मेणाची वाण कोकणाला कधी नव्हती.

जुन्या लोकांना उंडीचे कडू तेल आठवत असेल. वीज नव्हती तेव्हा घराघरांत तेच जळायचे. ते जेवणात चालत नसे, म्हणून दिव्याला निर्धास्त वापरायचे. दुसरे म्हणजे मुठेल. कोकमाच्या बिया कुटून, उकळून जे तूप वर येते त्याचे मुठीने वळलेले गोळे. टाचांच्या भेगांना लावतात ते. खोलीतल्या उष्णतेला ते घट्ट, अगदी ठिसूळ असते, पण वितळते मात्र ४० अंशांच्या आसपास. म्हणजे उभी मेणबत्ती होणे नाही, पेल्यात जमेल. अम्मींच्या डब्यातले मुठेल घेऊन आम्ही करून बघितले. तीन हिस्से मुठेल आणि एक हिस्सा मधाचे मेण. रंग सुरेख आला, फिकट लोण्याचा. पण ज्योत मिणमिणत राहिली आणि अर्ध्या तासात विझली. कारण शोधायला वेळ लागला नाही. घरगुती मुठेलात बियांचा बारीक चोथा राहतो, तो वातीच्या तोंडाशी जाऊन बसतो. दोनदा फडक्यातून गाळले, वात बरीच जाड घेतली, तेव्हा ती नीट जळली. पण तोवर खर्च पाहता ती मेणबत्ती जाळण्यापेक्षा टाचांना लावणे परवडले असते. धाकटी अजून म्हणते, मुंबईत लोक 'कोकम' हे नाव वाचूनच घेतील. घेतीलही.

मधाचे मेण ही सर्वांत देखणी जात. वितळते ६२ ते ६४ अंशांना, म्हणजे आमच्या उन्हाला पुरून उरते. पण महाग. शिवाय त्याला स्वतःचा मधासारखा वास असतो, त्यावर दुसरा वास चढत नाही. बकुळीचे तेल घातले तर बकूळ आणि मध दोघे भांडतात. आमचे मत विचाराल तर मधाच्या मेणात काही घालूच नये. ज्याला परवडते त्याने ते तसेच जाळावे.

मग राहिले सोयाबीनचे मेण. अमेरिकेत १९९० च्या दशकात हे पुढे आले. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे, वनस्पती तूप करतात त्याच जातीची क्रिया. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, आणि आमच्या हातात पडलेल्या सोया मेणाच्या पिशवीवर नाव परदेशी होते! असो. पांढरे चुरचुरीत कीस असते, भांडी साबणाने निघतात, मंद जळते. पेल्याबाहेर मात्र याचे काही खरे नाही. वर पांढरी बुरशी आल्यासारखी नक्षी उठते. ती बुरशी नसते, मेणाचे स्फटिक असतात, पण गिऱ्हाईकाला कोण समजावणार? चिपळूणच्या एप्रिलात त्यावर सुगंधी तेलाचे थेंब घामासारखे फुटतात. आणि किंमत आमच्याकडे पॅराफिनच्या जवळजवळ दुप्पट पडते.

शहरातल्या दुकानांत सांगतात, पॅराफिन म्हणजे विष आणि सोया म्हणजे अमृत. आम्हांला हे पटत नाही. काजळी दोन्हींतून निघू शकते आणि दोन्ही स्वच्छही जळू शकतात. ज्योतीला मेणाची वाफ किती मिळते आणि हवा किती मिळते, यावर ते ठरते. वाफ जास्त झाली की कार्बन पुरता जळत नाही, तो काजळी होऊन बाहेर पडतो. आणि वाफ किती मिळावी हे वात ठरवते. म्हणून खालांच्या दम्याचा प्रश्न आम्ही मेणापेक्षा वातीत शोधला.

वात जळते म्हणून मेणबत्ती जळते, असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, सुताच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते, टिपकागदावर शाई चढावी तसे, आणि टोकाशी वाफ होऊन पेट घेते. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली ती एका मेणबत्तीवर. त्यातला एक प्रयोग आम्ही दर वर्षी वर्गात करतो. मेणबत्ती हलकेच विझवायची. पांढऱ्या धुराची रेघ वर चढते. जळती काडी वातीला न लावता त्या रेघेला वरच लावायची. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येऊन बसते. चाळीस मुलींच्या तोंडून एकदम 'या अल्लाह' निघते. खालांना हा प्रयोग स्वयंपाकघरात दाखवला तेव्हा त्यांनी तो लागोपाठ पाच वेळा करायला लावला. नंतर म्हणाल्या, "म्हणजे वात फक्त सुईसारखी. दोरा मेणाचा." आम्ही बी.एड.ला शैक्षणिक साधनांवर तास ऐकले, असे वाक्य तिथे कोणी बोलले नाही.

वात साध्या पिळाची का चालत नाही? पिळाची वात सरळ उभी राहते, तिचे टोक ज्योतीच्या मध्यावर राहते. तिथे हवा पोहोचत नाही, म्हणून ते जळून जात नाही, कोळसा होऊन वाढत राहते. त्यासाठीच तर गुलगीर लागायची. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी गुंफलेली वात काढली. ती जळताना एका अंगाला वळते, टोक ज्योतीच्या बाहेर येते आणि तिथल्या हवेत राख होऊन जाते. गुलगीरची नोकरी गेली ती अशी. समईची असो की निरांजनाची, तेलाच्या दिव्याची हाताने वळलेली वात मेणात घालून लोक बघतात, आणि मेणाला नावे ठेवतात.

गुंफलेल्या सुती वाती बाजारात धाग्यांच्या संख्येवर मिळतात. काही वातींत मधे ताठ राहायला कागद किंवा धातूची तार असते. ही तार पूर्वी शिशाचीही असे. शिशाची वाफ मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून अमेरिकेत अशा वातींवर २००३ साली बंदी आली. आपल्याकडे सुट्या रिळावर कोण काय लिहितो? तारेचे टोक पांढऱ्या कागदावर घासून बघावे, पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ती वात घरात ठेवू नये. आम्ही तर तारेची वात घेतच नाही.

आता जाडी. इथे कोणतेही पुस्तक कामाला येत नाही. पेल्याचा व्यास, मेणाची जात, सुगंधी तेलाचे प्रमाण, रंग, यातले एक बदलले की वात बदलते. पेला पावणेतीन इंचांचा असेल तर पहिल्यांदा पेटवल्यावर सुमारे तीन तासांत वितळलेल्या मेणाचे तळे काठाला लागले पाहिजे, इंचाला एक तास असा ढोबळ हिशेब. तळ्याची खोली एक सेंटिमीटरच्या आसपास. वात बारीक पडली तर तळे काठाला पोहोचत नाही, मधे विहीर खणली जाते, भोवती मेण तसेच राहते आणि ज्योत त्या विहिरीत बुडून मरते. वात जाड झाली तर ज्योत नाचते, टोकावर काळे अळंबे उगवते, काचेला काजळी धरते आणि काच तापते. तापलेली काच तडकते. सोयाला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते, मधाच्या मेणाला त्याहून जाड.

म्हणून वही घातली. वही खालांकडे. त्या चौथीपर्यंत उर्दू शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखे. उजवीकडून डावीकडे रकाने: धागे किती, मेण कोणते, सुगंध किती, तळे काठाला कधी लागले, बशी कशी. बशी म्हणजे चिनी मातीची पांढरी बशी. ज्योतीवर चार बोटे उंच एक मिनिट धरायची. बशी पांढरी राहिली तर 'साफ', करडी झाली तर 'मैली', काळी झाली तर खाला नुसती फुली मारत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची एवढा नियम आम्ही घातला, तो त्यांनी आमच्यापेक्षा कडक पाळला. मुलींना विज्ञानाचा प्रकल्प देताना ही वही दाखवावी असे वाटते, पण खाला ती हातातून सोडत नाहीत.

वात बसवण्याआधी ती वितळलेल्या मेणात बुडवून, बाहेर काढून, ताणून सरळ थिजवायची. कोकणात हे वगळून चालतच नाही. जून ते सप्टेंबर सूत हवेतले पाणी पिऊन बसते आणि पेटवले की तडतडते. खाली पत्र्याची टिकली लावायची म्हणजे शेवटचा अर्धा इंच मेण उरतो आणि ज्योत काचेच्या तळाला भिडत नाही. दर वेळी पेटवण्याआधी वात पाव इंचावर कापायची. गुलगीर नाही तर नेलकटर चालते.

सुगंधाचे सांगायचे तर आमच्या लोकांचा पहिला हात अत्तराच्या कुपीकडे जातो. जाऊ नये. खरे अत्तर कनौजच्या पद्धतीने फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून करतात. ते अंगाच्या उबेला उमलण्यासाठी केलेले असते. ज्योतीपाशी त्याचे नाजूकपण जळून जाते, आणि मेणबत्तीला लागते तेवढे अत्तर ओतायला बापाची जहागीर हवी. स्वस्त अत्तरात काय मिसळलेले असते ते दुकानदारालाही ठाऊक नसते. केवडाजल, गुलाबजल ही पाणी आहेत; मेणात मिसळणार नाहीत, तळाशी बसतील आणि ज्योतीला थुंकायला लावतील. सुरंगीचे गजरे, बकुळीची वाळलेली फुले मेणात खोचलेली दिसायला फार सुंदर दिसतात. ज्योत तिथवर आली की तेच फूल दुसरी वात होते. फुले बाहेर दोऱ्याने बांधावीत. मेणबत्तीसाठी केलेले सुगंधी तेल घ्यावे. आम्ही शंभर ग्रॅम मेणाला सहा ग्रॅमवर थांबलो. जास्त घातले की ते वातीत अडकते, काजळी वाढते. सोयाचा वास मुरायला दहा-पंधरा दिवस लागतात, पॅराफिनचा दोन-तीन दिवसांत लागतो. न पेटवता येणारा वास आणि पेटल्यावर येणारा वास वेगळे असतात, विकत घेणारा पहिला हुंगतो आणि दुसऱ्याबद्दल तक्रार करतो.

वासाची परीक्षा खालांच्या छातीवर व्हायची. धूर नसला तरी काही वास त्यांना सोसत नसत. चमेली नाही, चंदन थोडे, वाळा चांगला. खिडकी उघडी ठेवायची आणि त्यांनी दाराशी बसायचे. वाळ्याची, निम्मे सोया निम्मे पॅराफिन, पावणेतीन इंची पेल्यात, अशी मेणबत्ती तीन तास जळली, बशी पांढरी राहिली आणि खाला खोकल्या नाहीत, तो दिवस त्यांच्या वहीत आहे. भिंतीतला वासही त्या हिवाळ्यात हळूहळू कमी झाला. तो मेणबत्तीने गेला की उन्हाने, हे आम्ही सांगू शकत नाही.

जे वाचून करून बघतील त्यांच्यासाठी एवढे सांगितलेच पाहिजे: मेण कधीही सरळ आचेवर ठेवू नये. मोठ्या टोपात पाणी, त्यात मेणाचे भांडे. मेण पेटले तर पाणी ओतू नये, भडका उडतो. झाकण घालावे आणि आच बंद करावी. झोपताना मेणबत्ती विझवावी. हे काही कारखान्याचे नियम म्हणून सांगत नाही. रात्री दिवे विझवून झोपा, उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल, अशी ताकीद बुखारीच्या हदीसमध्ये आहे. अम्मी दर रात्री ती आम्हांला ऐकवतात. वातीची एवढी काळजी कोणत्याही शायराने केली नाही.

पहिल्या वर्षी विक्री शाळेच्या स्टाफरूममध्ये झाली, मग लग्नांत. मेहंदीच्या रात्री पाहुण्यांना छोटे पेले द्यायची पद्धत इकडे आता रुळली आहे. शबे-बरातला साध्या उभ्या मेणबत्त्या खपतात. कबरीवर मेणबत्ती लावावी की नाही यावर आमच्या मोहल्ल्यात दोन मते आहेत. आम्ही विकतो आणि कोण कुठे लावतो हे विचारत नाही. पैसे फार नाहीत, पण खालांच्या नातवाची फी त्यातून गेली. मशीनवरचे झाकणही निघाले, कारण पेल्यांच्या पिशव्या त्याच शिवतात.

मग मुंबईहून एक व्यापारी आला. कोणाच्या तरी लग्नात त्याने आमची मेणबत्ती पाहिली होती. दोनशे पेले हवे होते, रोख. त्याने सोबत चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या, सोनेरी अक्षरांत: शंभर टक्के सोया, नैसर्गिक, धूरविरहित. आम्ही सांगितले, यात निम्मे पॅराफिन आहे. तो म्हणाला, माहीत आहे, सगळ्यांच्यात असते, म्हणून तर हा भाव परवडतो. शुद्ध सोयाच्या करून देऊ म्हटले, तर त्याच्या भावात नुसते मेणही बसत नव्हते.

तो गेल्यावर घरात जे झाले त्याला चर्चा म्हणणे कठीण आहे. धाकटीचे म्हणणे होते, चिठ्ठी तो लावणार, आपण नाही. दोनशे पेले म्हणजे खालांचे चार महिने. मेणबत्ती खरोखर साफ जळते, कोणाचे काही बिघडणार नाही. यात काही चूक आहे असे एकदम म्हणता येत नव्हते. दुसरे म्हणणे असे, की मापात पाप करणाऱ्यांसाठी कुरआनात एक अख्खी सूरह आहे, आणि काय आहे ते सांगणे हेसुद्धा मापच. आणि ज्या घरात दम्याचा माणूस ती चिठ्ठी वाचून मेणबत्ती लावेल, त्याचे काय? दोघी जावा दोन दिवस एकमेकींशी धड बोललो नाही. अम्मींनी या वेळी मुळीच तोंड उघडले नाही, आणि ते आम्हांला जास्त लागले.

खालांना शेवटी विचारले, कारण पैसे त्यांचे होते. त्या वही घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्याला सांगा, चिठ्ठी मी लिहून देते. निम्मं सोया, निम्मं पॅराफिन, वाळा, वात अमुक धाग्यांची, बशी साफ. ही लावायची असेल तर दोनशे काय, चारशे करते."

व्यापाऱ्याला तसा फोन केला. त्याने विचार करून कळवतो म्हटले. कळवले नाही. धाकटीचे मत अजून तेच आहे, आणि फीचा महिना आला की ती ते बोलून दाखवते. खाला ऐकून घेतात.

सध्या एक नवीच कटकट आहे. वातीचे रीळ संपले म्हणून त्याच दुकानातून, त्याच नंबराचे दुसरे आणले. धागे मोजले तर तितकेच आहेत, पण वीण सैल आहे. पहिल्याच पेल्यात टोकाला अळंबे आले आणि बशी मैली झाली. खालांनी वहीचे नवे पान काढून उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आहे. पाव इंच जास्त व्यासाचे पेले कुठे मिळतील ते आम्ही शोधतो आहोत.